मैदानावर मुलींची वेळ कुठली?

पेण म्हटलं की गणपतीच्या मूर्ती आठवतात, रोहा म्हटलं की कुंडलिका नदी. पण या दोन्ही तालुक्यांत गावोगावी आणखी एक अभिमानाची गोष्ट असते, ती म्हणजे कबड्डीचं मैदान. भातकापणी उरकली की स्पर्धांची पत्रकं लागतात. कुठे देवळापुढची जागा, कुठे शाळेचं पटांगण, कुठे चक्क मोकळं झालेलं शेत. दगड वेचायचे, माती टाकायची, पाणी मारून ती चोपायची आणि फक्कीने रेषा आखायच्या. ना कंत्राटदार, ना सरकारी निधी. सगळं गावकीच्या वर्गणीतून आणि अंगमेहनतीतून!

या मेहनतीत बायका नसतात का? असतात की. मातीची घमेली त्यांच्या डोक्यावर असतात, पाहुण्या संघांचं जेवण त्यांच्याच हातचं असतं. देणगीदारांच्या फलकावर मात्र त्यांचं नाव शोधून सापडत नाही. त्याचंही एक वेळ सोडा. मला सलतं ते वेगळंच. रोज संध्याकाळी त्या मैदानावर खेळतं कोण? मुलगे. मुली कुठे असतात? पाणी भरायला, नाहीतर धाकट्या भावंडाला सांभाळायला.

बचत गटाच्या निमित्ताने गावांत फिरते तेव्हा आयांना विचारते. उत्तरं ठरलेली. "ताई, मुलगी शहाणी झाली, आता कसलं खेळणं?" "हाफ पँट घालून लोकांपुढे नको." "पाय मोडला तर लग्न कसं व्हायचं?" मैत्रिणींनो, विहिरीवर घसरून पाय मोडतो, म्हणून पाणी भरणं कुणी बंद केलंय का?

कबड्डी बायकांना नवी नाही. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली कलकत्त्याला झाली. एशियाडमध्ये पुरुषांची कबड्डी १९९० ला आली, महिलांना २०१० पर्यंत, म्हणजे तब्बल वीस वर्षं थांबावं लागलं. आणि संधी मिळताच त्यांनी पहिल्याच फटक्यात सुवर्णपदक आणलं! २०१४ आणि २०२३ लाही सुवर्णच. २०१२ मध्ये पाटण्याला पहिला महिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के होत्या. मुली कमी पडत नाहीत, त्यांना मैदान कमी पडतं.

लडाखच्या मुलींचंच बघा. तिथे बर्फावर हॉकी खेळतात. हिवाळ्यात तळं गोठलं की तेच मैदान, तेही जेमतेम दोन महिने. अशा जागी शिकून आपल्या देशाचा महिला संघ २०१६ मध्ये पहिल्यांदा परदेशी स्पर्धेत उतरला आणि २०२५ मध्ये त्याने आशिया कपमध्ये कांस्यपदक मिळवलं. आपल्याकडे तर पावसाळा सोडला तर मैदान वर्षभर मोकळं! महिला कबड्डीला जागा लागते ती फक्त १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. एवढी जागा कुठल्या गावात नाही?

मोठी क्रीडा संकुलं व्हावीत, जरूर व्हावीत. पण त्यांची वाट बघत आजच्या तेरा वर्षांच्या मुलीने किती वर्षं थांबायचं? म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. आठवड्यातले तीन दिवस, संध्याकाळी पाच ते साडेसहा, मैदान फक्त मुलींचं. जवळ कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह. परतीच्या वाटेवर दिवा. आणि मैदानाच्या कमिटीत निदान दोन बायका, नुसत्या सहीपुरत्या नव्हेत.

हे मागायचं कुठे? ग्रामपंचायतीत निम्म्या जागा आपल्यासाठी राखीव आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. तिथे हळदीकुंकवाच्या वाणाबरोबर मैदानाचाही विषय निघू दे. शहरात असाल तर आपल्या वॉर्डाच्या नगरसेविकेला गाठा.

बुवा साळवींचा जन्मदिवस, १५ जुलै, आपल्याकडे कबड्डी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी हारतुरे होतील, भाषणंही होतील. तुम्ही फक्त एवढंच विचारा : आमच्या मुलींची वेळ कुठली? आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.