सोवळ्याचं नवं नाव

‘भारतीयांना पर्सनल स्पेस कळतच नाही.’ हे वाक्य इलेक्ट्रॉनिक सिटीत मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते आता कुणा एकाचं मत राहिलेलं नाही. कॅन्टीनमध्ये, सोसायटीच्या सभेत, अमेरिकेतून नुकत्याच परतलेल्या कुटुंबाच्या दिवाणखान्यात ते सारख्याच सुरात म्हटलं जातं. पुरावेही ठरलेले असतात : एटीएमच्या रांगेत मानेवर श्वास सोडणारा माणूस, बसमध्ये शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावणारा, पहिल्याच भेटीत पगार विचारणारा. हे पुरावे खरे आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष साफ खोटा आहे.

मी अनुवादक. ‘पर्सनल स्पेस’ला मराठी शब्द शोधताना अडते, हे कबूल. ‘वैयक्तिक अवकाश’ म्हटलं की इस्रोने कुणाला तरी खासगी उपग्रह सोडून दिल्यासारखं वाटतं. ‘मोकळीक’ जवळ जातो, पण तो मनाचा शब्द आहे, कोपराचा नाही. मात्र एक शब्द मिळत नाही म्हणून ती कल्पनाच आपल्याकडे नव्हती, हा तर्क कुठला? सोवळं, ओवळं, विटाळ, शिवाशिव. दोन शरीरांमधल्या अंतराचा इतका बारीक हिशेब मांडणारी शब्दसंपत्ती इंग्रजीत मला तरी आढळलेली नाही. वेस, अंगण, ओटी, माजघर, देवघर : कुणी कुठवर यायचं हे घराच्या रचनेतच ठरलेलं होतं. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तरी १९२७ मध्ये तिथलं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला, आणि नंतर सवर्णांनी त्या तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. अंतर न कळणाऱ्या समाजाची ही कामं नव्हेत.

चर्चेत कुणीतरी एडवर्ड हॉलचं नाव घेतंच. दीड फुटापासून चार फुटांपर्यंतचं ते ‘वैयक्तिक’ अंतर त्याच्या १९६६च्या पुस्तकातलं. पण ही मापं आपण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मध्यमवर्गीयांवरून घेतली आहेत, असं हॉलने स्वतःच बजावलं होतं. ते बजावणं मागे राहिलं आणि फूटपट्टी तेवढी आपल्याकडे आली.

आता इथलं पाहा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘किओनिक्स’ या राज्य सरकारच्या कंपनीने ३३२ एकरांवर ही वसाहत आखली, ती कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर. अग्रहार म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेली वस्ती. नावावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही, पण माझ्या सोसायटीच्या फाटकावर उभं राहिलं की तो शब्द आठवतो. तिथे येणाऱ्याचा फोटो निघतो, ॲपवर माझ्याकडे ‘मंजूर’ की ‘नामंजूर’ अशी विचारणा येते. त्या माणसाकडे मी बघितलेलंही नसतं. धुणीभांडी करणाऱ्या बायकांची पिशवी जाताना रोज उघडून पाहिली जाते. आत डबा, कंगवा, औषधाची पट्टी. त्यांची पर्सनल स्पेस कुणी मोजली?

लिफ्ट तीन आहेत. त्यांतल्या दोन रहिवाशांच्या, आणि तिसरी सामान, कचरा, कुत्री आणि ‘स्टाफ’ यांच्यासाठी. तशी नोटीस लागली तेव्हा मला तिचं हिंदी करून द्यायला सांगितलं, कारण ज्यांच्यासाठी ती होती त्यांतल्या बहुतेकांना इंग्रजी येत नव्हतं. मी नकार दिला. ‘अहो ताई, स्वच्छतेचा प्रश्न आहे,’ असं उत्तर मिळालं. स्वयंपाकघरात जिच्या हातची पोळी चालते, तिच्यासोबत सातव्या मजल्यापर्यंत अर्धा मिनिट उभं राहणं तेवढं चालत नाही. विटाळाचे नियमही असेच सोयीने वाकत असत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ‘तू बाई आहेस, गर्दीच्या बसमध्ये तुला अंतर नको आहे का?’ हवं आहे, आणि पुरेपूर हवं आहे. बोम्मनहळ्ळीच्या थांब्यावरून संध्याकाळच्या बसमध्ये चढणाऱ्या कुठल्याही बाईला ते का हवं, हे समजावून सांगावं लागत नाही. पण मी मागते आहे तो माझ्या शरीराला माझ्या मर्जीविरुद्ध हात न लागण्याचा हक्क. तो जिची पिशवी तपासली जाते तिचाही आहे. लिफ्टमध्ये तिच्या असण्याने माझा तो हक्क तसूभरही कमी होत नाही. दोन्हींना एकच नाव देऊन पहिल्याच्या आडोशाने दुसरं खपवायचं, हीच खरी चलाखी.

अर्व्हिंग गॉफमनने १९६३ मध्ये ज्याला नाव दिलं त्याला मी ‘सभ्य दुर्लक्ष’ म्हणते : समोरच्याकडे क्षणभर बघायचं, तो आहे याची दखल घ्यायची, आणि मग नजर काढून घ्यायची. त्यात आधीचं बघणं महत्त्वाचं. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या यलो लाइनवर मी ते रोज पाहते. त्या गाडीत ‘स्वल्प अड्जस्ट माडी’ म्हणत कुणी सरकायला सांगतं, सरकणारा एकदा बघतो, सरकतो, पुन्हा मोबाइलमध्ये. या तीन शब्दांचा अनुवाद मी ‘जरा सरका’ असा करत असे. आता ‘जरा सांभाळून घ्या’ असा करते. आणि आमची पहारेकरीण ‘ऊट आय्ता?’ विचारते, ती चौकशी नसते, तुम्ही दिसलात एवढंच ती सांगत असते. इथली मराठी मंडळी मात्र गणपतीच्या जेवणावळीत ‘इथले लोक बोलतच नाहीत हो’ अशी तक्रार करतात. दहा-दहा वर्षं राहून कन्नडची दहा वाक्यं शिकली नसतील, तर बोलतील कशी आणि कुणाशी?

पुढच्या सभेत डिलिव्हरीवाल्यांनाही तिसऱ्या लिफ्टमध्ये पाठवण्याचा ठराव आहे. उन्हातून आलेल्या मुलाने कचऱ्याच्या डब्याशेजारी उभं राहून आपलं गरम जेवण वर आणायचं, असा त्याचा अर्थ. मी लेखी हरकत दिली आहे, आणि ती तिन्ही लिफ्टबद्दल आहे. आतापर्यंत चार सह्या झाल्या आहेत.