नदीची थकबाकी

पाण्याच्या थेंबात जीव आहे, ही शिकवण जैन घरात अक्षरओळखीच्याही आधी पोहोचते. पाणी गाळून घ्यावे आणि गाळण्यावर उरलेली जीवाणी ज्या जलाशयातील पाणी, त्याच जलाशयात परत सोडावी, हा श्रावकाचा जुना आचार आहे. ज्याचे त्यास परत करणे, हे त्याचे मर्म. हाच नियम गावातून वाहणाऱ्या नदीस लावला, तर हिशेब अवघड होतो.

चिपळूणचे उदाहरण घ्यावे. २२ जुलै २०२१ रोजी, चातुर्मासाच्या उंबरठ्यावर, वाशिष्ठी आणि शिव नद्यांच्या पुराने तेथील बाजारपेठ बुडवली. डोंगरात अतिवृष्टी झाली होती आणि पौर्णिमा दोन दिवसांवर आल्याने समुद्रास उधाण होते. दाभोळच्या खाडीतून भरती वर चढते, तेव्हा पुराच्या पाण्यास उतरावयास वाट राहत नाही. त्यात वर्षानुवर्षांच्या गाळाने पात्र उथळ झालेले. मालाचा विमा बहुधा बँकेच्या कर्जापुरता असतो. भिजलेल्या वह्यांतील उधारीचा विमा कोणी उतरवीत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीने गाळ काढावा या मागणीसाठी साखळी उपोषण मांडले. शासकीय यंत्रणा हलली, नाम फाउंडेशनने साह्य केले आणि नद्यांतील गाळ उपसला जाऊ लागला. उपवासाचे बळ जैन समाजास निराळे सांगावयास नको.

गाळ उपसण्यातही जीवहिंसा आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो उडवून लावण्यासारखा नाही. परंतु शास्त्रकारांनी संकल्पी हिंसा आणि गृहस्थाची आरंभी हिंसा यांत भेद केला आहे. दुसरीत यतना हवी. काम उन्हाळ्यात, टप्प्याटप्प्याने करावे, माशांचे डोह राखावेत, काठची झाडी तोडू नये. सर्व पात्र एकदम खरवडणे ही यतना नव्हे.

शिवाय गाळ दरवर्षी येतो. उघड्या पडलेल्या डोंगरउतारांची माती प्रत्येक पावसाळ्यात खाली उतरते. यंत्राच्या घसाऱ्यासाठी व्यापारी नफ्यातून तरतूद करतो, तशी नदीसाठीही दरवर्षी करावी लागेल. एकदाची मोठी देणगी तेथे पुरत नाही.

मुख्य अडचण मात्र पुढेच आहे. श्रावकास वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत सरोवरे व तळी शोषून त्यावर उपजीविका करणे गणलेले आहे. भराव घालून नाल्यावर गोदाम वाढविणे यापासून कितीसे दूर? पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा व्यापाऱ्यास जाचक वाटते, कारण तिच्या आत जागेचे मोल घटते. पण रेषा पुसल्याने पाणी थांबत नाही. ते शेजाऱ्याच्या दुकानात शिरते.

किनाऱ्यावरील प्रत्येक व्यापारी गावात असा एखादा ओढा किंवा नाला आहेच. येत्या दिवाळीत वहीपूजन होईल, तेव्हा नव्या वहीत नाल्याच्या नावाने एक खाते उघडावे. पहिली नोंद देणगीची नसावी. दुकानामागील भिंत नाल्यात किती फूट सरकली आहे, याची असावी. ती जागा परत केली, तरच उपसलेल्या गाळास अर्थ राहील.

जय जिनेंद्र.