सियालदहहून: लघवी दाबून धरणं ही शिस्त नव्हे



फौज माणसाला सहन करायला शिकवते. भूक, जागरण, थंडी, बुटातले फोड, घरची आठवण. या यादीत एक गोष्ट कुणी न शिकवताच आपण शिकतो, ती म्हणजे लघवी दाबून धरणं. संत्री ड्यूटी असो, कॉन्वॉय असो, तासन् तास चाललेली परेड असो, ‘थांबू थोडं’ म्हणत आपण थांबतो. मग त्याच्या पुढची युक्ती सुचते: पाणीच कमी प्यायचं, म्हणजे जावंच लागणार नाही. माझं मत सरळ आहे. ही शिस्त नव्हे, बहादुरी तर नव्हेच. शरीराशी केलेली ही बेपर्वाई आहे आणि तिचं बिल किडनी भरते.

हे सियालदहहून लिहितोय, त्याला कारण आहे. कामानिमित्त या स्टेशनवर माझं रोजचं येणं-जाणं असतं. महाराष्ट्रातून ईशान्येकडे किंवा सिक्कीमला निघालेला आपला जवान दीड दिवसाचा प्रवास करून हावड्याला उतरतो, ट्रंक-होल्डॉल घेऊन हुगळी ओलांडतो आणि सियालदहला येऊन रात्रीची दार्जिलिंग मेल किंवा पदातिक पकडतो. न्यू जलपायगुडीपर्यंत आणखी साधारण दहा तास. फॅमिली सोबत असेल तर बघा, वहिनींच्या हातातली पाण्याची बाटली भरलेलीच असते. गाडीतल्या संडासाची घाण वाटते, स्टेशनवर सामान सोडून जाता येत नाही, नवरा तिकिटाच्या मागे आणि पोरं रडत असतात. म्हणून त्या पाणी पीत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात सातारकडच्या एका नाईकाची बायको इथे प्लॅटफॉर्मवर थंडी वाजून कुडकुडत होती. अंगात ताप, उलट्या, उजव्या बाजूला बरगडीखाली पाठीत जबर दुखणं. नाईक म्हणाला, “सर, मलेरिया असेल.” एक पेनकिलर आणि घरच्या डब्यात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या त्याने देऊनही टाकल्या होत्या. गाडी सोडायला लावून तिला हॉस्पिटलात नेलं. निदान निघालं किडनीच्या इन्फेक्शनचं, आणि चार दिवस सलाइनमधून औषध द्यावं लागलं. बोलता बोलता तिने सांगितलं, “घरून निघायच्या आधीपासनं उन्हाळी लागली होती.”

इथेच आपली भाषा आपल्याला थोडी फसवते. जळजळ झाली की आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो, म्हणजे उष्णता झाली. मग सब्जा, धणे-जिऱ्याचं पाणी, ताक. यातलं काही वाईट नाही, पोटात पाणी जातं हे चांगलंच. पण पुष्कळदा ती उष्णता नसते, मूत्राशयात शिरलेले जंतू असतात. बहुतेक वेळा ई. कोलाय, म्हणजे आपल्याच आतड्यात राहणारा जंतू. तो मूत्रमार्गातून वर चढतो, मूत्राशयात ठाण मांडतो आणि तिथे कुणी अडवलं नाही तर मूत्रवाहिनीतून थेट किडनीवर चाल करून जातो. बाईचा मूत्रमार्ग साधारण चार सेंटिमीटरचा, पुरुषाचा वीसच्या आसपास. शत्रूला रस्ता जितका छोटा तितकं त्याचं काम सोपं, म्हणून हा त्रास बायकांना जास्त.

लघवी दाबल्याने जंतू जन्माला येत नाहीत, हे खरं. पण लघवीची धार त्यांना बाहेर धुऊन काढते. पाणी कमी प्यायलो आणि तासन् तास दाबून ठेवलं की त्यांना वाढायला वेळ मिळतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वारंवार मूत्राशयाचं इन्फेक्शन होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० महिला घेतल्या होत्या. त्यातल्या निम्म्यांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. त्यांचा त्रास दुसऱ्या गटाच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आला. इतकं स्वस्त औषध दुसरं कुठलं?

ओळखायचं कसं, हे पाठ करून ठेवा. नुसती जळजळ, वारंवार लागणं, ओटीपोटात दुखणं हे बहुधा मूत्राशयापुरतं असतं. त्यात थंडी वाजून ताप, मळमळ-उलटी आणि बरगडीखाली पाठीच्या एका बाजूला दुखणं आलं, की किडनीचा संशय धरायचा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. उशीर झाला तर जंतू रक्तात पसरून जिवावर बेतू शकतं. गरोदर बाई, मधुमेही, मुतखडा असलेला माणूस यांनी तर अजिबात वाट बघायची नाही. लघवीची तपासणी आणि कल्चर शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी, म्हणजे कुठला जंतू आणि कुठलं औषध लागू पडेल ते कळतं. गरज पडली तर सोनोग्राफी, कारण खड्याने वाट अडली असेल तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. कोर्स साधारण सात ते चौदा दिवसांचा. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत.

आणि ‘मागच्या वेळी हीच गोळी दिली होती’ हे बंद करा. मूत्राशयाच्या त्रासाला सर्रास दिली जाणारी नायट्रोफ्युरँटोइन किडनीच्या इन्फेक्शनवर पुरी पडत नाही, कारण किडनीच्या आत ती पुरेशी पोहोचतच नाही. अंगात पाणी कमी असताना डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर घेतल्या तर किडनीवर आणखी भार पडतो. २०१४ पासून अनेक अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-वन खाली आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि विकल्याची नोंद ठेवायची. तरी आपण काउंटरवर जाऊन ‘दोन गोळ्या द्या’ म्हणतोच. अर्धवट डोसाने जंतू मरत नाही, तो शहाणा होतो.

माजी सैनिक बंधूंनो, ‘हा बायकांचा आजार’ म्हणून पान उलटू नका. पन्नाशीनंतर प्रोस्टेट वाढलं की मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. रात्रीत चार वेळा उठावं लागणं, धार बारीक होणं हे ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. ईसीएचएस २००३ पासून आपल्यासाठीच आहे, पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन सांगा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कधी ताप न येताच भ्रम होतो, असंबद्ध बोलणं सुरू होतं. तेव्हाही लघवी तपासून घ्यायला डॉक्टरांना सांगा.

आता मूळ भांडण. नुसतं ‘पाणी प्या’ म्हणणं सोपं आहे, पण जायचं कुठे? सियालदहहून सुटणाऱ्या लोकलमध्ये संडास नसतो, मुंबईच्या लोकलमध्येही नसतो. कृष्णनगरची लोकल अडीच तासांच्या आसपास घेते. कॅनिंग आणि लक्ष्मीकांतपूरकडून पहाटे घरकामाला येणाऱ्या बायका दिवसभर चार घरांत भांडी घासतात आणि संध्याकाळी परत त्याच गाडीत बसतात. त्यांनी पाणी कुठल्या भरवशावर प्यायचं? याच बंगालमध्ये १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या प्रवाशाने अहमदपूर स्टेशनवरची आपली फजिती रेल्वेला पत्राने कळवली आणि त्यानंतर खालच्या वर्गाच्या डब्यांत संडास आले, असं सांगितलं जातं. त्या पत्रावर आपण अजून हसतो, पण त्यातली मागणी अजून पुरती मान्य झालेली नाही. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ म्हणत बायकांनी सार्वजनिक मुताऱ्यांसाठी लढा उभारला. तेव्हाही लोक नाव ऐकून हसले. हसण्यासारखं त्यात काही नाही. स्वच्छ, पाणी असलेली, आतून कडी लागणारी मुतारी ही आरोग्याची सोय आहे, दवाखान्याइतकीच.

काही जुने सुभेदार साहेब म्हणतील, “आम्ही उणे वीसमध्ये राहिलो, आम्हाला काही झालं नाही.” साहेब, आदर आहे. पण ज्यांना झालं ते मुतखडा आणि इन्फेक्शन घेऊन सिक रिपोर्टला गेले, त्यांची गोष्ट बाराखान्यात सांगितली गेली नाही. उंचावर रात्री तंबूबाहेर जायला नको म्हणून जवान संध्याकाळपासून पाणी बंद करतो, हे प्रत्येक कमांडरला माहीत आहे. रायफल साफ आहे का हे आपण रोज बघतो. तसंच जवान पाणी पितोय का आणि त्याला जायला वेळ मिळतोय का, हेही बघायला हवं. संत्रीला दोन मिनिटांचा बदली माणूस देणं आणि कॉन्वॉयला ठराविक हॉल्ट देणं यात कुठलं ऑपरेशन बुडत नाही.

घरच्यांसाठी एवढंच. लघवीचा रंग फिका राहील इतकं पाणी प्या. हृदयाचा किंवा किडनीचा जुना आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा. लागली की जा. बायकांनी धुताना-पुसताना हात पुढून मागे न्यावा. नवरा-बायकोच्या संबंधांनंतर लघवी करून यावी. यात लाजण्यासारखं काही नाही, सुट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक जवानाला हे माहीत असावं. साखर असेल तर ताब्यात ठेवा.

आणि प्रवासात फॅमिली सोबत असेल तर सियालदहला उतरल्यावर पहिलं काम कुलीचं नाही आणि चहाचंही नाही. सामानाजवळ तुम्ही उभे राहा, वहिनींना आधी जाऊन येऊ द्या. मग बाटली त्यांच्या हातात द्या आणि ती त्या पितायत ना, ते बघा.

जय हिंद.