बाबांनी दादी विकली

नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, कापडाचे दुकान असलेल्या एका घरात, सव्वादोन वर्षांची एक मुलगी सकाळपासून ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच बातमी सांगत होती, “बाबांनी दादी विकली.” शेजारच्या काकूंनी ती दोनदा ऐकली आणि न राहवून त्या आत आल्या. माजघरात दादी नेहमीप्रमाणे तांदूळ निवडत बसल्या होत्या. विकली गेली होती ती दारातली जुनी गाडी. संध्याकाळी मुलगा दुकानातून परतला तेव्हा दादींनी त्याला गंभीरपणे विचारले, “मग, किती आले माझे?”

मुलीच्या जिभेवर ‘ग’ अजून बसलेला नव्हता. क, ख, ग हे वर्ण उच्चारण्यासाठी जिभेचा मागचा भाग उचलून टाळूला टेकवावा लागतो. ही क्रिया तोंडाच्या आत खोल घडते आणि समोरच्याला दिसत नाही. त आणि द यांत जिभेचे टोक दातांशी येते. ते दिसतेही आणि जमतेही. म्हणून काकाचा ताता होतो, गायीची दाय होते आणि गाडीची दादी. ‘र’ला त्याहूनही वेळ लागतो, तोवर राजा हा लाजाच असतो. यात आळस नाही की हट्ट नाही. ज्या मुलाचे ऐकणे ठीक आहे त्याच्या बाबतीत हे बहुधा आपोआप सुटते. मात्र दीड वर्षाचे होऊनही मूल एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, किंवा दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नसेल, तर ‘याचे बाबाही उशिरा बोलले’ एवढ्यावर समाधान मानू नये. प्रथम कान तपासून घ्यावेत.

बोलण्याची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी होते. सहाव्या-सातव्या महिन्यापासून मूल ‘बाबाबा’, ‘मामामा’ असे अक्षरांचे घोस काढू लागते. घरातले सगळे त्यात आपापले नाव शोधतात, आणि बाबा आधी म्हटले की मामा, यावर पैजा लागतात. वस्तुतः तेव्हा ते मूल कोणालाच हाक मारीत नसते. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या पहिल्या मुलाच्या शैशवाची टिपणे ठेवली होती आणि सुमारे 37 वर्षांनंतर, 1877 साली, त्यावर एक लेख प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी नोंदवले आहे की बरोबर वर्षाचा असताना त्या मुलाने खाण्यासाठी स्वतःचा एक शब्द तयार केला : ‘मम’. साखरेला तो ‘शू-मम’ म्हणू लागला आणि पुढे ‘काळा’ हा शब्द कळल्यावर ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळीला त्याने नाव दिले, ‘काळे-शू-मम’. आपल्याकडच्या कोणत्याही आजीला हा शब्द परका वाटणार नाही. ‘मम्मम’, ‘जोजो’, ‘भुर्र’, ‘बाऊ’, ‘हम्मा’ ही आपली बाळभाषा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी 1964 साली मराठी बाळभाषेवर स्वतंत्र निबंधच लिहिला. ज्या बोलण्याला घरात कोणी भाषा मानीत नाही, त्यालाही नियम असतात हे अशा अभ्यासांतून दिसते.

ओट्यावरच्या त्या मुलीचे पुढचे पराक्रम याच नियमांतून आलेले होते. ताप आला म्हणून तिला दवाखान्यात नेले. डॉक्टर नवे होते. अंगात पांढरा कोट आणि तोंडावर बांधलेला पांढरा मास्क. मुलगी आईच्या कडेवरून धडपडत खाली उतरली, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि मोठ्याने म्हणाली, “मत्तन वंदामी!” डॉक्टर गोंधळले. बाकावर बसलेले सगळे हसले. आईचा चेहरा लाल झाला आणि दादींचा मात्र फुलला. पांढरी वस्त्रे आणि मुखावर मुहपत्ती असलेल्या व्यक्तीला ‘मत्थएण वंदामि’ म्हणायचे असते, हे तिला स्थानकात दादींनीच शिकवले होते. तिने दोन्ही खुणा पाहिल्या आणि शिकवल्याप्रमाणे केले. इतकी विचारपूर्वक केलेली चूक मोठ्या माणसांच्या हातून क्वचितच होते. एस.टी.त समोर बसलेल्या दाढीवाल्या परक्या गृहस्थाला ‘बाबा’ म्हणून आईला पदरात तोंड लपवायला लावणारे मूलही हेच करते. शब्द एक आहे, वस्तू पुष्कळ आहेत; तो कोठवर पुरवायचा हे त्याला पडताळून पाहायचे असते.

व्याकरणाचेही तसेच. बसला, उठला, पडला यांवरून मूल नियम काढते आणि ‘गेला’च्या जागी ‘जाला’, ‘केलं’च्या जागी ‘करलं’ म्हणते. असा शब्द त्याने कोणाकडूनही ऐकलेला नसतो. तो त्याने स्वतः घडवलेला असतो. दिवसभर आईच्या आणि आजीच्या सहवासात असलेले मुलगे ‘मी येते’, ‘मी जाते’ म्हणतात आणि आजोबांना चिंता लागते. कोल्हापूरकडे ही चिंता उद्भवत नाही, कारण तेथे बायकाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. पुण्याची सून तिकडे गेली तर तिच्या मुलांची कशी तारांबळ उडत असेल, हा एक वेगळाच विषय आहे. जेथे घरात एक भाषा आणि अंगणात दुसरी, तेथे आणखी मौज. गुजराती बोलणाऱ्या घरात ‘डबो खाली छे’ म्हणजे डबा रिकामा आहे. मराठी अधिक ऐकलेले नातवंड ते ऐकून वाकते आणि डब्याच्या खाली शोधू लागते.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो ‘मी’ आणि ‘तू’ यांचा. आई मुलाला विचारते, “तुला झोप आली?” तेव्हा त्याच्या दृष्टीने ‘तुला’ हे त्याचेच नाव ठरते. त्या कापडवाल्यांच्या घरी एका रात्री जेवणानंतर पाहुणे गप्पांत रंगले होते. मुलगी त्यांच्यापुढे उभी राहिली आणि डोळे चोळत म्हणाली, “तुला झोप आली. घली जा.” पाहुणे उठून चपला शोधू लागले. तिला स्वतःला आतल्या खोलीत जायचे होते. पुष्कळ समजावले, तरी पाहुणे काही पुन्हा टेकले नाहीत.

यापुढची फजिती मात्र केवळ उच्चाराची नव्हती. घरात दूरच्या नात्यातले एक गृहस्थ येत असत. दुकानातून ते कापड नेत आणि पैशांचे नाव काढीत नसत. त्यांचा विषय निघाला की घरात त्यांना ‘उधारीवाले काका’ म्हणत. एके दिवशी दार उघडे होते. मुलीने त्यांना पायरीवर पाहिले आणि आनंदाने आत ओरडून सांगितले, “उधालीवाले ताता आले!” तिच्या लेखी ते त्यांचे नाव होते. काही नावे माणसाच्या पाठीमागे घ्यायची आणि काही समोर, हा भेद कळायला दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे याची कल्पना करता यावी लागते, आणि ती समज साधारणतः चौथ्या वर्षाच्या सुमारास येऊ लागते. गृहस्थांनी चहा अर्धा ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळी बाकी दुकानात पोचली. परंतु पुढे दिवाळीलाही ते आले नाहीत. वडिलांनी मुलीला रागावण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. ती बोलली होती तो शब्द त्यांचाच होता.

दवाखान्यातली गोष्ट मात्र घराला फार आवडली. आत्या आली की, “म्हण ना, डॉक्टरांना काय म्हणालीस?” मामा आला की पुन्हा तेच. कोणीतरी मोबाइल धरून ते टिपले आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले. ती म्हणत असे आणि सगळे हसत असत. प्रथम तीही हसत असे. चातुर्मास सुरू झाला, दादी तिला घेऊन स्थानकात गेल्या, महाराज साहेब समोर बसले होते आणि दादींनी नेहमीप्रमाणे तिला पुढे केले. तिने हात जोडले नाहीत. आजूबाजूच्या बायकांकडे एकदा पाहिले आणि दादींच्या लुगड्यात तोंड खुपसले. घरी आल्यावरही ती गप्पच होती. त्यानंतर पाहुणे आले की ती आतल्या खोलीत जाऊ लागली. आईने विचारले तर मान हलवी, बोट दाखवी. शब्द मात्र मोजके.

लाडाने हसणे आणि टिंगल करून हसणे यांतला फरक मोठ्यांना ठाऊक असतो. दोन वर्षांच्या मुलाला तो दिसेलच असे नाही. त्याला एवढेच दिसते की आपण बोललो आणि माणसे हसली. शिवाय आपण चुकीचे बोललो हे त्याला मुळात पटलेलेच नसते. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अभ्यासकांनी 1960 साली एका मुलाचे उदाहरण नोंदवले. ते मूल आपल्या प्लास्टिकच्या माशाला इंग्रजीत ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणे. मोठ्यांनी ‘हा तुझा फिस का?’ असे विचारले की ते ठामपणे नाकारी, आणि ‘फिश’ म्हटले की आनंदाने म्हणे, होय, माझा फिस! कानांना फरक कळत होता. जीभ मागे होती. म्हणून बोबडे बोलणाऱ्याशी बोबडे बोलण्याची गरज नसते, आणि ‘तसे नाही, असे म्हण’ अशी शिकवणी घेण्याचीही नसते. ‘मी करलं’ असे त्याने सांगितले की ‘हो, तू केलंस!’ असे उत्तर दिले की पुरे. योग्य रूप त्याच्या कानावर पडते आणि गोष्टही पुढे चालू राहते.

दादींनी यातले काही वाचलेले नव्हते. त्यांनी मुलाला सांगून ते चित्रण ग्रुपवरून काढायला लावले आणि घरात बजावले की या पोरीला कोणी काही म्हणायला लावायचे नाही. आत्या थोड्या रागावल्या.

पर्युषणाच्या आधीची एक दुपार. मुलगी जमिनीवर एकटीच खेळत होती. बाहुलीला तिने पांढऱ्या रुमालात गुंडाळले होते आणि दुसरा रुमाल तिच्या तोंडावर बांधायचा प्रयत्न चालला होता. तो सारखा सुटत होता. दादींनी जवळ बसून गाठ मारून दिली. मग बाहुलीपुढे हात जोडून त्या सहज म्हणाल्या, “मत्तन वंदामी.”

मुलीने मान वर केली. कपाळाला आठी होती. “अशं नाही, दादी. मत्तन!”

“मत्तन,” दादी म्हणाल्या.

“नाही! मत्तन!”

“मत्थएण,” दादी म्हणाल्या.

“हां,” मुलगी म्हणाली, आणि बाहुलीचा रुमाल नीट करू लागली.