शाळांनाही परीक्षेला बसवा!

कायद्याच्या विद्यार्थ्याला अगदी आरंभी एक तत्त्व शिकविले जाते. कोणीही स्वतःच्या दाव्यात स्वतः न्यायाधीश होऊ शकत नाही. न्यायालयात हे तत्त्व मोडले गेले तर दिलेला निकाल रद्द होतो. परंतु आपल्या देशातील शिक्षणखाती वर्षानुवर्षे नेमके हेच करीत आली आहेत. शाळा तीच चालवितात, अभ्यासक्रम तीच ठरवितात, प्रश्न तीच काढतात, गुण तीच देतात आणि अखेरीस आपण उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्याचेही तीच जाहीर करतात. दहावीचा निकाल नव्वद टक्क्यांच्या वर गेला की पेढे वाटले जातात. त्या नव्वदांपैकी किती मुलांना वर्तमानपत्रातील एक परिच्छेद वाचून त्याचा अर्थ सांगता येतो? हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आणि विचारलाच, तर तो लगेच आपल्या मुलांच्या ‘पात्रते’कडे वळविला जातो.

हा प्रश्न बाहेरून विचारणारी एक परीक्षा जगात आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटना ही पॅरिस येथील संस्था २००० सालापासून ‘पिसा’ या नावाने ती घेत आली आहे. पंधरा वर्षे वयाच्या मुलांना वाचन, गणित व विज्ञान यांतील प्रश्न दिले जातात. शाळा व मुले नमुना-पद्धतीने निवडली जातात. ह्या परीक्षेत कोणत्याही मुलाला गुणपत्रिका मिळत नाही, कोणी नापास होत नाही, कोणाचे वर्ष वाया जात नाही. आमच्या वकिली भाषेत सांगावयाचे तर मूल येथे साक्षीदार असते आणि आरोपीच्या पिंजऱ्यात शिक्षणव्यवस्था उभी असते. परीक्षा म्हटले की आपल्या घरांत आजही जी धास्ती शिरते, ती येथे दुसऱ्या पक्षाला वाटावयास हवी.

आणि ती वाटली! २००९ च्या फेरीसाठी भारतातून हिमाचल प्रदेश व तामिळनाडू ही दोन राज्ये उतरली. शिक्षणात पुढारलेली म्हणून त्यांचा लौकिक. २०११ च्या डिसेंबरात निकाल लागला. ७४ देश व प्रदेशांच्या यादीत वाचनात तामिळनाडूचा क्रम ७२ वा आणि हिमाचलचा ७३ वा. त्यांच्या खाली एकटे किर्गिझस्तान. वाचनाची जी किमान पातळी संघटनेच्या सभासद देशांत शंभरांपैकी ८१ मुले गाठीत होती, ती तामिळनाडूत १७ आणि हिमाचलात ११ मुलांनी गाठली. यावर शासनाने काय केले? प्रश्न आपल्या मुलांच्या सामाजिक-सांस्कृतिक परिस्थितीशी जुळणारे नव्हते, अशी तक्रार केली आणि पुढल्या फेऱ्यांतून अंग काढून घेतले.

हा युक्तिवाद आपण जरा उलटतपासणीला घेऊ. परक्या संस्कृतीचे प्रश्न! आपल्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या संस्कृतीची पुस्तके वाचली? जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांतील ते घर आठवा. अंगणात तुळशीवृंदावन, सोवळ्यात स्वयंपाक करणारी आजी, दारी आलेला गडीमाणूस आणि पुस्तकी मराठीत बोलणारी आई. वस्तीतल्या मुलाने त्या घरात कधी पाऊल ठेवले नव्हते. त्याला ठेवू दिले नव्हते. तरी त्या धड्यावरील प्रश्नांची उत्तरे त्याने द्यावी लागली, आणि ती चुकली तेव्हा दोष त्याच्या बुद्धीला दिला गेला. त्या वेळी सामाजिक-सांस्कृतिक परिस्थितीची आठवण कोणालाही झाली नाही. परीक्षक बाहेरचा आला आणि गुण खात्याचे जाऊ लागले, तेव्हा मात्र ती एकाएकी झाली.

प्रश्न खरोखरच अन्यायाचे असतील तर त्यावर उपाय आहे. भाग घेणाऱ्या देशांना प्रश्न तपासून हरकत घेता येते. भाषांतरे त्या त्या देशातच होतात. साक्षीदार खोटा वाटला तर त्याची उलटतपासणी करावी, न्यायालय सोडून पळू नये. एकतर्फी निकालाची भीती ज्याला आहे त्याने हजर राहावयाचे असते.

हजर राहून काय मिळते, हे जर्मनीला विचारा. आपल्या शाळा जगात उत्तम आहेत अशी त्या देशाची समजूत होती. तेथे बहुतेक प्रांतांत मूल दहाएक वर्षांचे झाले की त्याची वाटणी होते: काही मुले विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, बाकीची कारागिरीकडे व मजुरीकडे नेणाऱ्या शाळांत. ही वाटणी गुणांवर होते असे सांगितले जाई. २००० सालच्या परीक्षेचा निकाल २००१ च्या अखेरीस आला आणि दोन गोष्टी उघड झाल्या. जर्मन मुलांचे वाचन सरासरीच्याही खाली होते. आणि बापाचा दर्जा व मुलाचे वाचन यांचे नाते जर्मनीत जितके घट्ट, तितके भाग घेणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही देशात नव्हते. जन्म पाहून वाटणी करावयाची आणि तिला गुणवत्ता म्हणावयाचे! ही युक्ती आपल्याला नवी नाही, पण जर्मनांना ती आकड्यांत पाहून धक्का बसला. देशभर समान शैक्षणिक मानके आली. पूर्ण दिवसाच्या शाळांसाठी मध्यवर्ती शासनाने चार अब्ज युरो दिले. पुढच्या फेऱ्यांत गुणही वाढले. २०२२ साली ते पुन्हा घसरले, हेही सांगितले पाहिजे. परीक्षा रोग दाखविते, औषध देत नाही.

आपला रोग मात्र सरासरीपुरता नाही. जिष्णू दास व ट्रिस्टन झायोंक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००५ साली राजस्थान व ओरिसातील नववीच्या मुलांना ‘टिम्स’ या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय परीक्षेतील गणिते घातली. सरासरी कमी निघाली, यात नवल नव्हते. परंतु वरच्या टोकाची मुले आणि खालच्या टोकाची मुले यांतील अंतर जगातील देशांशी ताडून पाहिले, तेव्हा त्याहून मोठे अंतर एकट्या दक्षिण आफ्रिकेत आढळले. वर्णभेदाने पोखरलेला तो देश आणि त्याच्या शेजारच्या बाकावर आपण. राज्याच्या मंडळाचा कोणताही निकाल हे वाक्य कधी उच्चारणार नाही, कारण शेजारी दुसरा देश ठेवल्याशिवाय ते वाक्य तयारच होत नाही. परक्या मोजपट्टीची गरज आहे ती यासाठी.

तथापि कोणत्याही साक्षीवर आंधळा विश्वास ठेवू नये. क्रमांकांच्या हव्यासाने शाळांचे घोटीव-केंद्र होईल, असा इशारा अनेक देशांच्या शिक्षणतज्ज्ञांनी २०१४ साली दिला. तो रास्त आहे. दुसरी उणीव आपल्या दृष्टीने अधिक गंभीर. ही परीक्षा शाळेत असलेल्या मुलाला विचारते. वीटभट्टीवर गेलेल्याला नाही. २०१२ साली व्हिएतनामच्या मुलांनी गणितात अमेरिकेला मागे टाकले, गरीब देशातही चांगली शाळा चालते हे सिद्ध झाले. पण त्या देशातील पंधरा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून थोडी अधिकच मुले त्या परीक्षेच्या कक्षेत होती. बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात हीच गोष्ट धरली होती. प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी १८ च चौथीला पोहोचतात, ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी दाखविले. आणि प्रगत हिंदू, मुसलमान, मध्यम व मागास या वर्गांचा लोकसंख्येतील क्रम व शिक्षणातील क्रम शेजारी शेजारी मांडून दाखविला.

२०१९ साली भारत शासनाने पुन्हा करार केला. पाठवावयास निवडले कोण? चंडीगढ, केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये. जिल्हा परिषदेची शाळा नाही, आश्रमशाळा नाही. आपल्या सोयीचे साक्षीदार तेवढे हजर करणाऱ्या पक्षकाराला न्यायाधीश काय म्हणतो ते मी अनेकदा ऐकले आहे. तेही शेवटी घडले नाहीच. २०२२ च्या निकालात भारताचे नाव नव्हते.

म्हणून आपल्या खासदाराला जे पत्र आपण लिहाल त्यात तीन मागण्या असाव्यात. भारताने भाग घ्यावा, आणि नमुन्यात सर्व प्रकारच्या शाळा असाव्यात. शाळेबाहेर राहिलेल्या मुलांचा आकडा निकालाच्या शेजारी छापला जावा. आणि निकाल सामाजिक वर्गवार प्रसिद्ध व्हावा. पिसाच्या प्रश्नावलीत आईबापांचा व्यवसाय, शिक्षण व घरातील वस्तू विचारतात, जात विचारीत नाहीत, ती येथे विचारावी लागेल. त्या रकान्यात बौद्ध मुले गळू नयेत याकडे लक्ष ठेवा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांची गणना अनुसूचित जातींत झाली आहे, पण शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ लिहून पुढचा रकाना कोरा सोडण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. तिन्ही मागण्यांना वेगवेगळे क्रमांक द्या. एका परिच्छेदात लिहिल्या तर उत्तर पहिलीचेच येते.