आरोग्य-चिंतन : यकृतात सोडवणूक, धमनीत अडवणूक

नागपूरच्या इतवारीत दिवसभर गादीवर बसून व्यवहार पाहणाऱ्या घरांत एक प्रश्न नेहमी निघतो. अंडी नाहीत, मांस नाही, तरी रक्ताच्या अहवालात चरबी वाढलेली का?

कोलेस्टेरॉल केवळ अन्नातून येत नाही. यकृत ते स्वतः तयार करते. साखर, मैदा व भात गरजेपेक्षा अधिक झाल्यास यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइडही बनवते. ही चरबी प्रथिनांत बांधलेल्या सूक्ष्म गाठोड्यांतून रक्तात फिरते. माल पोहोचवून उरलेली गाठोडी यकृताने परत उचलावी लागतात.

यकृतपेशींच्या पृष्ठभागावर काही प्रथिने असतात. त्यांना शर्करेच्या लांब साखळ्या जडलेल्या असतात. ही शर्करा स्वयंपाकघरातील साखर नव्हे. साखळ्यांवर ऋणभार व गाठोड्यांवर धनभार असल्याने ती तेथे धरली जातात आणि पेशीच्या आत ओढली जातात. यांपैकी सिंडेकन-१ हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड वाढलेले आढळले, असे २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवले.

याच कुळातील प्रथिने धमनीच्या भिंतीतही असतात. तेथे शिरलेले एलडीएल कण त्यांच्या साखळ्यांत अडकतात. परंतु उचलून नेणारे यकृत तेथे नसते. अडकलेली चरबी बिघडते, पांढऱ्या पेशी ती गिळतात आणि भिंतीत थर साचतो. १९९५ मध्ये केविन विल्यम्स व आयरा टबास यांनी हाच विचार मांडला. २००२ मध्ये, साखळ्यांना नीट न चिकटणारे एलडीएल असलेल्या उंदरांत हा विकार पुष्कळ कमी आढळला.

सडपातळ देह हीही हमी नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय २२.३ होता, मात्र शरीरातील चरबी अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के होती. २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने हे प्रसिद्ध केले.

भिंतीतील साखळ्या बदलणे आपल्या हाती नाही. रक्तात फिरणारी गाठोडी कमी करणे मात्र आहे. यासाठी गोड व तळलेले पदार्थ मोजके असावेत, रोज चालणे व्हावे, तंबाखू वर्ज्य असावी आणि रक्ततपासणी वेळेवर व्हावी. वैद्यांनी दिलेली गोळी त्यांना न विचारता थांबवू नये. शाकाहार हे मोठे भांडवल आहे. पण भांडवल असूनही हिशेब तपासावाच लागतो.