घर पसंत आहे. पण जागा कोणाची?

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. दुसऱ्याने बांधलेले आणि तीन पिढ्यांनी वापरलेले घर विकत घेऊ पाहणाऱ्याची परीक्षा मात्र त्याहून निराळी असते. याचा अनुभव गेल्या वर्षी आमच्याच कुटुंबाला आला, तो वाचकांना सांगावासा वाटतो.

माझे आजोळ कुंभकोणम्‌चे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरास मराठ्यांचे राज्य स्थापन केले. ते १८५५ साली लयास गेले, पण तिकडे गेलेली अनेक कुटुंबे तेथेच राहिली आणि घरात आजही मराठी बोलतात. माझे मामा त्यांपैकीच. नोकरीनिमित्त आयुष्यभर गावोगाव फिरल्यावर, निवृत्तीनंतर पट्टीश्वरम् येथे घर घ्यावे असे त्यांनी योजिले. कुंभकोणम्‌हून दारासुरम् ओलांडून गेले की हे गाव लागते. तेथील धेनुपुरीश्वराच्या देवळातील दुर्गेवर मामींची फार श्रद्धा आहे. त्याच देवळात नायक राजांचे प्रधान गोविंद दीक्षित आणि त्यांच्या पत्नी यांच्या मूर्ती आहेत. त्या दाखवून मामा म्हणत, “हेही आपल्यासारखेच बाहेरून आलेले, आणि इथलेच झालेले.”

घर देवळापासून हाकेच्या अंतरावर होते. रस्त्याकडेला ‘तिण्णै’, म्हणजे आपला ओटा. आत सागवानी खांबांचा चौक, वर देशी कौले, मागे विहीर. मामींनी ओट्यावर बसून पाहिले आणि मनातल्या मनात तुळशीवृंदावनाची जागाही ठरविली. किंमत मामांच्या निवृत्तीच्या पैशांच्या दोन-तृतीयांश होती. उरलेल्या डागडुजीचा भार पुण्यातील मामेभाऊ उचलणार होता. त्याने एकच अट घातली : आधी अभियंत्याकडून घराची तपासणी आणि भूमापकाकडून जागेची मोजणी करून घ्यावी. दोन्ही अहवाल तमिळमध्ये आले. त्याला तमिळ बोलता येते, वाचता येत नाही. “ताई, तुझा तर हा धंदाच आहे,” असे म्हणून त्याने ती भेंडोळी माझ्याकडे पाठविली.

तपासणीचा अहवाल वाचून कोणाचीही छाती दडपली असती. पश्चिमेची भिंत ओळंब्यात नाही. खिडकीच्या कोपऱ्यापासून वर तिरकी भेग गेली आहे. दोन तुळयांची भिंतीत शिरलेली टोके वाळवीने खाल्ली आहेत. खाली हातभर उंचीपर्यंत लोणा लागला आहे. शेजाऱ्याकडची भिंत सामाईक आहे. शेवटी, ‘जोते उकरून पाहिलेले नाही.’ मी भाषांतर पाठविले त्याच रात्री पुण्याहून दूरध्वनी आला, “घेऊ नका म्हणून सांग त्यांना.” मामी दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत.

अशा वेळी कागद पुन्हा सावकाश वाचावा. अभियंत्याला जे दिसते ते सगळे लिहिणे त्याला भाग असते. घ्यावे की न घ्यावे हा निर्णय त्याने करावयाचा नसतो. म्हणून त्याने डोळ्यांनी काय पाहिले, कशाचा तर्क केला आणि काय पाहिलेच नाही, या तीन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. ‘जोते पाहिले नाही’ या वाक्याचा अर्थ जोते खचले आहे असा नव्हे.

भेगेचेच पाहा. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील चिकण माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. १९३४ साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणातून परंपरेने १२ जूनला पाणी सोडतात. मग कालवे भरतात, जमिनीतील ओल वर चढते. अशा मातीवरील भिंतीची भेग चैत्र-वैशाखात उघडते आणि पावसाळ्यात मिटते, असे पुष्कळदा घडते. आमची तपासणी मे महिन्यातली होती. भेग जुनी आणि थांबलेली आहे की अजून वाढते आहे, हे ओळखण्याची गवंड्यांची सोपी युक्ती आहे : भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवून तिच्यावर तारीख लिहावी. भिंत हलली तर काच तडकते. लोण्याचे कारणही उमगले. चुन्यातल्या जुन्या भिंतीला कोणीतरी सिमेंटचा गिलावा केला होता, त्यामुळे आतली ओल बाहेर पडत नव्हती. गिलावा खरवडून पुन्हा चुन्याचा करणे, तुळयांची टोके बदलणे, ही खर्चाची कामे खरी. पण त्यांचा आकडा मांडता येतो, आणि तो किमतीतून वजा करून मागता येतो. सामाईक भिंतीबद्दल शेजाऱ्याशी लेखी बोलणे करून ठेवावे, एवढेच.

हे सर्व मी पुण्यास कळविले. दोन्हीकडे पुन्हा उमेद आली, मामी बोलू लागल्या.

आणि मग मी मोजणीचा कागद भाषांतरास घेतला. तो एकाच पानाचा होता, म्हणून आम्ही सर्वांनी तो शेवटी ठेवला होता. क्षेत्र बरोबर होते, चतुःसीमा बरोबर होत्या. ‘पट्टा’ म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीचा उतारा. त्यावरील नाव मात्र विकणाऱ्याचे नव्हते, देवस्थानाचे होते. मी जुने खरेदीखत पुन्हा उघडले. त्यात इमारत, खांब, दारे, विहिरीवरील हक्क यांचे सविस्तर वर्णन होते. ‘अडिमनै’, म्हणजे घराखालची जागा, देवाची असून तिचे भाडे भरावयाचे आहे असे एका ओळीत नमूद होते. पहिल्या वाचनात ती ओळ माझ्याही नजरेतून सुटली होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

तंजावर-कुंभकोणम् भागात देवळांच्या जमिनीवर अशी पुष्कळ घरे आहेत. घर राहणाऱ्याचे, तळ देवाचा. तमिळनाडूच्या १९५९ च्या हिंदू धार्मिक व धर्मादाय संस्थांच्या कायद्याचे ३४ वे कलम सांगते की, आयुक्तांच्या मंजुरीवाचून देवस्थानाच्या जमिनीची विक्री, गहाण किंवा पाच वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टा केल्यास तो रद्दबातल ठरतो. आपल्याकडील देवस्थान इनाम जमिनी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे नवे वाटणार नाही. बोजाचा दाखला, ज्याला तिकडे ‘विल्लंगम्’ म्हणतात, तो आमच्यापाशी स्वच्छ होता. परंतु त्यात केवळ नोंदलेले व्यवहार दिसतात. जमीन मुळात कोणाची, हे तो सांगत नाही. नोंदणी झाली म्हणजे मालकी सिद्ध झाली, हा समज सुशिक्षित घरांतही आढळतो.

मामा विकणाऱ्या वृद्ध गृहस्थांकडे गेले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, खरेदीदाराला साधारण दक्षतेने कळणार नाही असा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, वगैरे मी त्यांना लिहून दिले होते. त्याचा काही उपयोग झाला नाही. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “आम्ही तीन पिढ्या भाडे भरतो. साऱ्या गावाला ठाऊक आहे. तुम्ही विचारलेच नाही.” त्यांनी पावत्यांचा गठ्ठाही पुढे ठेवला. त्यांनी काही लपविले असे म्हणता येणार नाही.

मामांचा कल तरीही घेण्याकडेच होता. “आपली अजून किती वर्षे उरली? भाडे भरू आणि राहू.” कारण भेगा पडलेले का होईना, घर सुंदर होते. मामींनी विचारले, “आणि मग? मुलांना काय द्यायचे, पावत्या?” पैसा मालकी हक्काच्या घराचा द्यावयाचा, हाती मात्र भाडेकरूचा हक्क, तोही देवस्थानाने नवे नाव मान्य केले तर, गरज पडल्यास त्यावर बँकेचे कर्ज मिळणे कठीण. मामांनी इसार दिला नाही.

हल्ली ती दोघे कुंभकोणम्‌ला भाड्याने राहतात. शुक्रवारी दुर्गेच्या दर्शनाला गेल्या की मामी त्या ओट्यावर घटकाभर टेकतात. घरच्या बाई कॉफी देतात. मामांनी पलीकडच्या गल्लीत दुसरे घर पाहिले आहे. जागा ‘नत्तम्’, म्हणजे गावठाणातली, आणि पट्टा विकणाऱ्याच्याच नावे आहे. कौले निम्मी फुटली आहेत, ओटा नाही, भिंतीला एक सोडून दोन भेगा आहेत. दोन्हींवर मामांनी मालकाच्या परवानगीने काचेच्या पट्ट्या चिकटविल्या आहेत. कालव्याला पाणी येऊन महिना लोटेपर्यंत किंमत बोलावयाची नाही, असे दोन्ही पक्षांत ठरले आहे.